पिकायला थांबलेलं बीज

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. आज तुमच्या शाळेत मी कांद्याचा पापुद्रा आणि डबक्यातलं पाणी दाखवतो. पण माझ्या उमेदीची वर्षं एका दवाखान्यात गेली. तिथे माझ्या भिंगाखाली स्त्रीबीजं येत.

तिथल्या प्रयोगशाळेतल्या ताई मला रोज पुसायच्या आणि विचारायच्या, "काय म्हातारबुवा, दिसतंय ना नीट?"

एके सकाळी एक बसकंडक्टर बाई आल्या. मूल व्हावं म्हणून त्यांचा हा तिसरा प्रयत्न होता. डॉक्टरांनी त्यांच्या अंडाशयातून बीज काढलं. हाती एकच लागलं. ताईंनी ते माझ्याखाली ठेवलं. गोल, नितळ, सुईच्या टोकाएवढं. पण कच्चं!

पिकलेल्या बीजाच्या कडेला एक चिमुकला गोळा दिसतो. बीज आपली अर्धी गुणसूत्रं त्याला देऊन टाकतं. शिदोरी मात्र जवळजवळ सगळी स्वतःकडे ठेवतं. अशी लबाड वाटणी झाली की बीज तयार. इथे ती झालीच नव्हती.

"सोडून द्या हे," डॉक्टर म्हणाले.

ताई म्हणाल्या, "सर, मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची बीजं घडू लागतात आणि अर्ध्यावर थांबतात. हे छत्तीस वर्षं थांबलंय. आपण चार तास थांबू या ना!"

दाराशी कंडक्टरबाईंची आई उभी होती. तिने हे ऐकलं. "अगं बाई, म्हणजे हे माझ्याही पोटात होतं?"

"हो, आजी."

"मग थांबाच. माझ्या पोटातलं कुणी वेळेवर आलेलं नाही. ही बयासुद्धा दोन आठवडे उशिराच आली!"

शेजारच्या खोलीत पलंगावर पडलेल्या कंडक्टरबाई डोळे पुसता पुसता हसल्या. डॉक्टरही हसले आणि थांबायला तयार झाले.

ताई तासातासाला डोकावत. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदाही नाही. माझाच जीव टांगणीला लागला. चौथ्यांदा त्यांनी श्वास रोखला. बीजाच्या कडेला इवलासा गोळा आला होता!

"झाली वाटणी!" ताई हातमोज्यांसकट बाहेर धावल्या.

मग कंडक्टरबाईंच्या नवऱ्याचा एक शुक्राणू बारीक सुईने त्या बीजात सोडला. पुढचं सगळं सुरळीत झालं. नऊ महिन्यांनी मुलगी झाली आणि सगळे तिला दाखवायला आले.

ताई म्हणाल्या, "आजी, हिच्या पोटातही हिची बीजं आहेत बरं का, लाखो!"

"म्हणजे माझी पणतवंडंही आली म्हणायची! एवढुशा पोटात एवढी गर्दी?"

कंडक्टरबाई सवयीने ओरडल्या, "चला, पुढे सरका, पुढे सरका!" बाळ दचकलं, आणि प्रयोगशाळा हास्याने दणाणून गेली.

नंतर पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं. मी बरेच दिवस कपाटात धूळ खात पडलो. शेवटी ताईंनीच मला तुमच्याकडे पाठवलं. मित्रांनो, माझ्या भिंगाला बोटं लावू नका, मऊ फडक्याने पुसा. आणि पहिल्या नजरेत काही दिसलं नाही, तर लगेच उठून जाऊ नका. थोडं थांबा. पुन्हा बघा.