हुस्नबानूची थंडी

मोहम्मदने कुदळीने मातीचा बांध घातला आणि पाटाचं पाणी सुपारीकडे वळवलं. विहिरीच्या कठड्यालगतच्या द्राक्षवेलीला आता थेंब मिळणार नव्हता.

"भाभी, पुरे झाली ही थेरं," तो भावजयीला म्हणाला. "आख्खं श्रीवर्धन बोलतंय, मोहम्मदच्या वाडीत दारूची वेल हाय."

"बोलू दे," हुस्नबानू म्हणाली. "तोंडं त्यांची, वेल माझी."

"पुढल्या पावसाआधी फळली न्हाय तर कोयता घालीन."

"घाला. पण तवर हात लावू नका."

वेल दारूची होती हे खोटं नव्हतं. हुस्नबानूचा नवरा अब्दुस्समद उमेदीची सगळी वर्षं क्वेट्ट्याबाहेर एका साहेबाच्या, दारूसाठी लावलेल्या द्राक्षमळ्यात राबला होता. रुक्ष, उजाड मुलूख. पाऊस नावाला, आणि हिवाळ्यात घागरीतलं पाणी गोठायचं. थंडी पडण्याआधी वेली आडव्या करून मातीखाली पुरायच्या, वसंतात उकरून काढायच्या. हुस्नबानूही हे करायची. पस्तीस साली भूकंपात घर बसलं आणि अब्दुस्समद ढिगाऱ्याखाली राहिला, सापडलाच नाही. ओल्या गोणपाटात मुळं धरलेल्या चार काड्या घेऊन ती कराचीच्या बोटीने परत आली. नवऱ्याची कबर नव्हती, आणि धाकट्या भावाला, मोहम्मदला, त्याच्यावर दफनाच्या तीन मुठी माती टाकायलाही मिळाली नव्हती. दोघांनाही ते सलायचं, पण घरात तो विषय निघत नसे.

आल्या आल्या तिने घोळ घातला. तिकडच्या रीतीने खोल खड्ड्यांत काड्या लावल्या. तिकडे खड्ड्यात पाणी साठवावं लागे. श्रीवर्धनच्या पावसात ते खड्डे तुडुंब भरले आणि तीन काड्या कुजल्या. गावाला आयतीच करमणूक झाली. शेजारच्या वाडीतली दुर्गा कुंपणावरून म्हणाली, "अगो, हितं पाणी आडवायचं नसतं, घालवायचं असतं." मग चौथी काडी उंचवट्यावर गेली आणि जगली. दोन वर्षं नुसती माजली, पण फुलाचं नाव नाही. का, ते हुस्नबानूला ठाऊक होतं. वेलीला हिवाळाच मिळत नव्हता.

मोहम्मदची पाठ वळताच तिने खुरपं घेतलं, भोवतीची माती ओढून मुळं उघडी केली आणि पान न् पान ओरबाडून काढलं.

"हुस्नबानू, आपल्याच हातानं मारतेस?" दुर्गा कळवळली.

"मारत न्हाय, निजवत्ये. हितं थंडी पडत न्हाय ना? मग मी पाडत्ये."

बोडकी वेल पाहून मोहम्मदला वाटलं, भाभीने हाय खाल्ली. आता कोयत्याची गरजच उरली नव्हती, आणि त्याचं त्याला वाईटच वाटलं.

पुढे तिने मुळं झाकली, खत घातलं, घागरीने पाणी दिलं. वेलीला डोळे फुटले. उन्हाळा लागताना एक घोस पिकला, बोटभर लांब, काळपट. तो ताटलीत घालून तिने दिरापुढे ठेवला.

"आंबट हाय," तो म्हणाला.

"व्हय. दारूचं द्राक्ष हाय, त्याची कातडी जाड. पण फळली."

"झालं कसं?"

"तुमी पाणी तोडलंत, भावजी. त्याबिगर हिला झोप लागली नसती."

 मोहम्मदने बिया तेवढ्या तळहातात जपून धरल्या.

पाऊस सरल्यावर तो आपणहून कुदळ घेऊन आला. "भाभी, बांध कधी घालू?"

"आजच घाला. लोक काय म्हणतील?"

"तोंडं त्यांची," तो म्हणाला.

मुळांना पुरेसं ऊन लागल्यावर माती परत लोटायचा दिवस आला. त्याने कुदळ उचलली, तशी ती म्हणाली, "लोखंड नको. मुळं दुखावतील, हातानं घाला."

मोहम्मदने कुदळ बाजूला ठेवली. डोक्यावरची टोपी नीट केली, खाली वाकून एक मूठ माती घातली, मग दुसरी, मग तिसरी, आणि तिथेच थांबला. हुस्नबानूने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. उरलेली माती तिने एकटीने घातली.