वहिनीची सही

विमानतळाच्या इंधन-तपासणीत काम करणाऱ्या बाईला सगळे वहिनीच म्हणत. तिची नणंद वैमानिक होती आणि चारचौघांतही ‘वहिनी’ म्हणूनच हाक मारायची. मग बाकीच्यांनीही तेच नाव उचललं.

त्या दिवशी सकाळी दहाला नणंद एक नवं इंधन घेऊन उडणार होती. निम्मं नेहमीचं, निम्मं माळरानावर वाढणाऱ्या एका झुडपाच्या बियांपासून केलेलं. त्यासाठी वहिनीने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. आता फक्त टँकरमधल्या नमुन्याची शेवटची तपासणी राहिली होती. उणे सत्तेचाळीस अंशांपर्यंत त्यात एकही स्फटिक दिसता कामा नये.

उणे एक्केचाळीसलाच नळीत स्फटिकांचं धुकं उतरलं.

तिने दुसरा नमुना लावला. तेच! तिने सरळ फोन उचलला.

हे इंधन बनवणाऱ्या कारखान्याचा व्यवस्थापक धावत आला. “अहो वहिनी, उड्डाणाला बोलावलेले पाहुणे येऊन बसलेत! पाच-सहा अंशांनी काय आभाळ कोसळणार आहे?”

“आभाळ नाही, विमान,” वहिनी म्हणाली. “वर इंधन गोठलं तर इंजिनापर्यंत पोचणार कसं? मी सही करत नाही.”

“म्हणजे तुमचं स्वतःचंच इंधन नापास?”

“ते अजून ठरायचंय. चला माझ्याबरोबर.”

टँकर जिथून भरला होता त्या साठवणीच्या टाकीतून तिने स्वतः नमुना काढला. तो उणे बावन्नलाही काचेसारखा नितळ राहिला. म्हणजे इंधन चोख होतं, घोळ वाटेत झाला होता. तिने टँकरचालकाला विचारलं, “दादा, हा पाइप नवा आहे का?”

“नाही हो. आमचा काल फाटला, म्हणून कारखान्यातून दुसरा आणला.”

वहिनीने पाइपाच्या तोंडात बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. बियांच्या कच्च्या, लवकर गोठणाऱ्या तेलाचा उग्र वास! व्यवस्थापकानेही वास घेतला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो स्वतःच बाह्या सरसावून टँकर रिकामा करायला लागला.

नणंद गणवेशात येऊन उभी राहिली. “वहिनी, किती वेळ?”

“टँकर धुवून, भरून, पुन्हा तपासायला दुपारचे तीन वाजतील.”

“वाजू देत की. तू हो म्हटल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही.” आणि ती पाहुण्यांना गप्पांत गुंतवायला गेली.

अडीचला नवा नमुना उणे बावन्नलाही स्वच्छ निघाला. वहिनीने ठसठशीत सही केली.

“मागे एक जागा रिकामी आहे,” नणंद म्हणाली. “येतेस का?”

वहिनीने अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि भराभरा शिडी चढली. विमान उंचावर स्थिरावल्यावर नणंदेचा आवाज आला, “बाहेर उणे पन्नास. दोन्ही इंजिनं एकदम झकास!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने टाळी वाजवली नाही. तिने पट्टा सैल केला, पाय लांब केले आणि खिडकीतून खाली मनसोक्त पाहत बसली.