सराईवाल्याचा चेहरा

नाताळची सुट्टी लागल्यापासून नोटबुर्गा रोज दुपारी दोन्ही मुलींना घेऊन बसायची. शेवाळ, झाडांची मुळं, पुठ्ठे असा पसारा मांडून तिघी येशूबाळाच्या जन्माचा देखावा, म्हणजे गव्हाणी, रचायच्या, आणि हात चालू असताना आई गोष्ट सांगायची. मरिया आणि योसेफ बेथलेहेमात दारोदार कसे फिरले, सराईवाल्यानं 'जागा नाही' म्हणत दार कसं लावून घेतलं. नऊ वर्षांची वेवी प्रश्न विचारून भंडावून सोडायची. सहा वर्षांची रोझल मेंढ्यांना कापूस लावता लावता स्वतःचीच मेंढी करून घ्यायची.

"बुर्गी, पोरींना वळण लावावं तर तुझ्यासारखं," शेजारीण म्हणाली.

नोटबुर्गा नुसती हसली. मनात काय शिजत होतं ते तिचं तिला ठाऊक.

तिचे वडील रोमेद यांनी चाळीस वर्षं खपून गव्हाणीची साठ-सत्तर लाकडी माणसं कोरली होती. रंगवायची नोटबुर्गा. शेवटची दोन वर्षं वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांचं सगळं तिनंच केलं. "ही गव्हाणी तुझी, बुर्गी," असं ते कितीदा तरी म्हणाले, पण ऐकायला तिसरं कोणी नसायचं. त्यांना माती दिली त्या दिवशी ती आलेल्या मंडळींना सूप वाढत होती, आणि तिचा थोरला भाऊ कास्यान मागच्या दारानं खोकी गाडीत भरत होता.

जाब विचारला तर म्हणाला, "बाबांनी मला दिली. तुझ्याकडे काही कागद आहे?"

कागद नव्हता. दोन वर्षं ती गप्प बसली. यंदा मात्र कास्याननं आपल्या दिवाणखान्यात गव्हाणी मांडून वर पाटी लावली होती, 'कोरीवकाम : कास्यान'. गव्हाणी मंडळाचं पदकही त्यालाच जाहीर झालं. ज्याला कधी चाकू धरता आला नाही, त्याला! ते ऐकलं त्याच दिवशी तिनं मुलींना एक नवी गोष्ट सांगितली.

"आजोबा कोणाचाही चेहरा मनानं करायचे नाहीत. ओळखीच्या माणसाचा घ्यायचे, आणि बैठकीखाली त्याचं नाव कोरायचे. शेळीवाली बाई म्हणजे तुमची आजी."

"मामाला माहीत आहे?" वेवीनं विचारलं.

"त्यानं कधी उलटून बघितलं असेल तर ना! गेलो की तूच विचार त्याला."

"आणि सराईवाला कोण?"

"ते तिथंच वाच."

नाताळनंतर गावात घरोघर गव्हाणी बघत फिरायची रीत. बघायचं, तोंडभर कौतुक करायचं आणि यजमानानं पुढे केलेला जर्दाळूच्या दारूचा पेला रिकामा करायचा. पाच जानेवारीला दुपारी कास्यानकडे पाय ठेवायला जागा नव्हती. फादर पदक घेऊन आले होते. दारात नोटबुर्गाला बघून कास्यान जरा चपापला, पण लोकांसमोर काय करणार?

"ये बुर्गी! पोरींनो, या, सुक्या मेव्याचा झेल्टन केक खा."

"मामा," वेवी गव्हाणीपाशी जाऊन म्हणाली, "ही माणसं तू केलीस?"

"मग काय!"

"मग खाली नावं कोणाची आहेत?"

"कसली नावं?"

तिनं शेळीवाली उलटी केली. "'अगाथा.' ही माझी आजी." मग मेंढपाळ. "'रोमेद, स्वतः.'" कास्यान पुढे झाला, "ठेव ते, मोडेल!" पण तोवर तिनं दाराशी उभा असलेला सराईवाला उचलला होता. वाचलं, अडखळली आणि आईकडे बघू लागली.

"वाच की," नोटबुर्गा म्हणाली.

"'कास्यान. जागा नाही म्हणाला.'"

फादरनी बाहुली हातात घेतली आणि चष्मा वर करून चेहरा न्याहाळला. आताच्या कास्यानपेक्षा कृश, दाढी नसलेला, पण नाक तेच आणि खालचा जाड ओठही तोच. गावातल्या जुन्या लोकांना आणखी काही सांगावं लागलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी अगाथाला इन्सब्रुक शहरातल्या दवाखान्यात रोज न्यावं लागायचं. कास्यान तेव्हा तिथंच राहायचा, दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर. महिनाभर आईला ठेवून घे, म्हणून रोमेदनी विनवलं, तेव्हा तो म्हणाला होता, जागा नाही. म्हातारी बर्फातून बसनं जात-येत राहिली आणि वसंतात गेली.

फादरनी पदक पुन्हा खिशात घातलं. लोक पेले खाली ठेवून, टोप्या शोधत एकेक करून निघाले. कौतुकाचा एक शब्द कोणी काढला नाही. कास्यानची मुलगी मेना दाराआडून सगळं बघत होती.

"झालं समाधान?" कास्यान दबक्या आवाजात म्हणाला. "घेऊन जा ही ब्याद. आत्ताच्या आत्ता ने."

दोन वर्षं नोटबुर्गानं याच वाक्याची वाट बघितली होती. पण आता ते कानावर पडल्यावर तिला त्याहून गोड काहीतरी सुचलं.

"नको दादा. तुझीच आहे ना? बाबांनीच दिली ना तुला? दरवर्षी मांड. नाही मांडलीस तर लोक विचारतील, का नाही मांडली. आणि मांडलीस, तर सराईवाला बघायला येतील."

तिनं यजमानानं द्यायचा पेला स्वतःच भरला, एका घोटात रिकामा केला आणि मुलींना घेऊन बाहेर पडली. बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

घरी येऊन बूट काढताना वेवी म्हणाली, "तुला माहीत होतं तिथे काय लिहिलंय."

"रंग मीच दिला होता त्याला."

"मग तूच का नाही वाचलंस?"

"माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. लहान मुलावर ठेवतात."

"मेना रडत होती, आई."

नोटबुर्गानं मुलींचे बूट उचलून भिंतीशी ठेवले. भावाबद्दल तिला तिळभर वाईट वाटत नव्हतं, आणि तसं ढोंग करायची तिची तयारीही नव्हती. दुसऱ्या दिवशी येशूबाळाला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण. तिनं टेबलावर शेवाळ मांडलं, कागदी राजे काढले आणि मुलींना हाक मारली. रोझल धावत आली. वेवी खिडकीतच बसून राहिली.

"तू सांग रोझलला," ती म्हणाली. "मला नाही ऐकायची."

नोटबुर्गानं गोष्ट सुरू केली. सांगता सांगता दोनदा चुकली.