ठोक्यांपुरती डॉक्टर

सून हृदयाची डॉक्टर झाली, हे सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. पण ती फक्त ठोक्यांची डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला.

"म्हणजे झडपा नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. नुसतं वायरिंग?"

तेव्हापासून घरात तिचं नाव वायरमन पडलं. पुढच्या अठरा वर्षांत वायरमननं दोन हजारांवर उधळलेली हृदयं ताळ्यावर आणली, परिषदा गाजवल्या. घरात फ्यूज उडाला की मात्र हाक तिलाच.

मग सासूबाईंचंच हृदय उधळू लागलं. एकाएकी एकशे नव्वद ठोके, डोळ्यांपुढे अंधारी, आणि कार्डिओग्राम काढेपर्यंत सगळं आलबेल. दोन वर्षं घरातल्यांनी 'नाटकं' असंच निदान केलं. पण परवा धाकट्या जावेशी फोनवर बोलता बोलता त्या जिन्यात कोसळल्या. चार पायऱ्यांवर निभावलं. पुढचा जिना एवढा समजूतदार असेलच असं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरकडे जायला त्यांनी साफ नकार दिला. "घरचा वायरमन असताना बाहेरचा कशाला?"

आज त्या टेबलावर होत्या, टक्क जाग्या. मांडीतून हृदयापर्यंत बारीक तारा गेलेल्या. बिघाड जाळायचा तर तो आधी दिसायला हवा. सुनेनं तासभर हृदयाला तारांनी डिवचलं, औषधानं डिवचलं. पडद्यावर बहात्तर. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं कार्टं!

"मॅडम, थांबू या," तंत्रज्ञ कुजबुजला. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

सुनेला जिना आठवला. मग तो फोन आठवला.

"आई," ती गोड आवाजात म्हणाली, "धाकट्या काकूंनी विणलेला स्वेटर मी परिषदेत घातला होता. सगळे म्हणाले, असा हात कुणाचा नाही."

"तिचा हात? अगं, सुई कुठून धरायची ते मी शिकवलंय तिला! टाके सुटतात तिचे, टाके—"

एकशे अठ्ठ्याऐंशी.

"बोला आई, थांबू नका!"

त्यांना तसंही थांबायचं नव्हतं. तेवढ्यात सुनेनं चुकार तंतू हुडकला, तारेचं टोक टेकवलं, तापवलं. सहाव्या सेकंदाला हृदय गुमान ओळीत आलं.

"झालं?" तंत्रज्ञानं विचारलं.

"परीक्षा राहिली. आई, खरं सांगू? तुम्ही विणून दिलेल्या स्वेटरचं काकूंनी पायपुसणं केलंय."

तंत्रज्ञानं डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी जावेपासून सुरुवात करून तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ठोके सत्त्याण्णव, एकामागे एक, शिस्तीत. दहा मिनिटांनी त्या स्वतःच थांबल्या.

"अगंबाई," त्या चकित होऊन म्हणाल्या, "दोन वर्षांत पहिल्यांदाच माझं भांडण पुरं झालं!"

वॉर्डात पोचताच त्यांनी जावेला फोन लावला. "सुनेनं केलं माझ्या. हृदयाची डॉक्टर आहे ती. हो, अख्ख्या! बरं, आता त्या पायपुसण्याचं बोल."

वायरमन तातडीच्या कामासाठी बाहेर पडली.