पोरीच्या डोक्यावर हात ठेवून

"दारू सोडायची इच्छा त्यांच्या आतून यायला हवी," दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या. मी मान हलवली. मनात म्हटलं, आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? बारा वर्षं मी नवरा सुधारायची वाट पाहिली होती, आता धीर उरला नव्हता.

घरी आल्याबरोबर आठ वर्षांच्या टीनाला देवापुढे उभं केलं. तिच्या बाबांचा हात ओढून तिच्या डोक्यावर ठेवला.

"दारूले हात लावला तं माही पोरगी मरन, असं म्हना."

ते आधी हात मागे घेऊ लागले. पण म्हणाले.

पाच महिने त्यांनी थेंब घेतला नाही. धानाची रोवणी केली, कापणी केली, टीनाला सायकल शिकवली. आमच्या सानगडी गावातल्या बायका विचारायच्या, काय औषध दिलं? मीही मोठ्या फुशारकीने शपथेचं सांगायचे.

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत जुने दोस्त भेटले आणि टीनाचे बाबा पिऊन आले. मी भांडी आपटली, तोंडाला येईल ते बोलले. टीना दारात उभी राहून त्यांच्याकडे नुसती बघत होती.

सकाळी शेजारची तृप्ती टीनाचा नवा फ्रॉक घालून अंगणात खेळत होती. टीनानेच दिला म्हणे. दप्तर बघितलं, तर रंगपेटीही नाही. मी टीनाला दरडावलं.

"मले आता कायले लागते?" ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "आई, किती दिवस लागतेत मराले?"

तिचे बाबा चहाचा कप टाकून धावत आले आणि तिच्यापुढे बसले.

"शपथेनं कोनी मरत नाई, माय. खोटी असते ते."

आता हिचा चेहरा खुलेल म्हणून आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"म्हंजे आता तुमी रोज दारू पेसान," ती म्हणाली. "तं मंग खरीच राहू द्या ना, बाबा. मी नाई भेत."

ते तिच्या पायाशी बसून हमसाहमशी रडले. मला रडूही आलं नाही. पोरीला मरायला मीच उभं केलं होतं.