धरणाचा थांबा, प्रवासी एक

मी टिक्या बोलतोय. तसं मला बोलता कुठं येतं? डोक्यावरचं बटण कुणी अंगठ्यानं दाबलं की 'टिक' म्हणायचं आणि पोटातला आकडा एकानं पुढे सरकवायचा, एवढंच माझं शिक्षण. मुठीत मावेल एवढी माझी पोलादी डबी, समोर काच, काचेमागे चार आकडे आणि कडेला शून्यावर आणायची चावी. माणसं मोजण्यात सगळा जन्म गेला. आज सांगायला बसलोय, कारण माझ्या पोटात चौदा माणसं अशी आहेत, की त्यांना काय म्हणावं ते मला अजून ठरवता येत नाही.

मी एका पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलो. तिथं एक बाई आम्हा प्रत्येकाला शंभर वेळा दाबून तपासायची. दाबता दाबता शेजारणीला जावेची गाऱ्हाणी सांगायची, पण आकडा कधी चुकला नाही. माणसाचं मन एका गावाला आणि हात दुसऱ्या गावाला असू शकतो, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

माझी पहिली नोकरी एका बागेच्या फाटकावर. तिथला पहारेकरी जोडप्याला एकदाच दाबायचा. म्हणायचा, "दोघांत मिळून डोकं एकच चालतंय." गर्दी कमी झाली की साहेबाला बरं वाटावं म्हणून दोन-चार टिचक्या फुकटच्या मारायचा. तेव्हा त्याचा अंगठा घाईत असायचा आणि एक डोळा दारावर. खोट्या मोजणीचा स्पर्श कसा असतो, तो मला तिथंच कळला. पुढे बाग बंद पडली आणि जुन्या सामानाबरोबर मी बसच्या कार्यालयातल्या एका खणात येऊन पडलो. सोबतीला वाळलेलं शाईचं पॅड आणि तुटके रबरबँड. अकरा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

खण उघडला तो ताईनं.

ताई त्या कार्यालयात लेखनिक. घरी दीड वर्षाची मुलगी. तिचा जीव कायम टांगणीला. पाकीट चिकटवायची आणि आत कागद बरोबर गेलाय ना म्हणून पुन्हा फाडायची. दिवसातून तीनदा सासूबाईंना फोन.

"आई, झोपली का?"

"झोपली."

"फार वेळ झाला ना? श्वास बघितलात?"

"अगं, दोनदा बघून आले. आता तिसऱ्यांदा गेले तर तीच उठून माझा बघेल!"

ताई हसायची, पण फोन ठेवल्यावर तिचा हात थोडा वेळ तिथंच राहायचा.

त्या वर्षी राज्यानं प्रादेशिक सार्वजनिक वाहतूक सुधारण्यासाठी अनुदान जाहीर केलं होतं. अर्ज चाळीस पानी. साहेबांनी तो ताईच्या टेबलावर ठेवला. "तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच भरा."

"साहेब, हा संगणकावर भरायचा आहे."

"मग काय, तुमचं टायपिंग तर त्याहून चांगलं!"

विषय होता धरणापलीकडच्या वस्त्यांना जाणाऱ्या संध्याकाळच्या बसचा. अनुदान मिळालं नाही तर पुढच्या महिन्यापासून ती बंद करायची, असं ठरलं होतं. सकाळी शहरात कामाला आलेल्या माणसांना परत न्यायला दुसरं काही नव्हतं. अर्जाची मुख्य अट एकच: सलग चौदा दिवस प्रवासी मोजायचे आणि फेरीमागे सरासरी किमान बारा भरली पाहिजे.

म्हणून मला पुसून, तेलाचा थेंब देऊन कंडक्टरकाकांच्या हाती दिलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला दोनदा दाबून पाहिलं, "टिक्या आहेस होय तू," म्हणाले, आणि माझं बारसं झालं.

पहिल्या संध्याकाळी सगळं सरळ होतं. शाळेतला शिपाई, टिक. दोघी शिवणकामवाल्या, टिक, टिक. मग रस्ता धरणाच्या कडेनं वळला. वाटेत एक थांबा होता: पत्र्याची शेड, सिमेंटचं बाक, मागे काळं होत चाललेलं पाणी. बाकावर कुणी नव्हतं. तरी ड्रायव्हरमामांनी बस थांबवली. दार उघडलं. काका दांड्याला धरून बाजूला सरकले. दोन पायऱ्या चढायला एखाद्या दमलेल्या माणसाला जितका वेळ लागेल, तितका वेळ थांबले. आणि त्यांनी मला दाबलं.

टिक.

"चला मामा."

मामा समोर बघत राहिले. गाडीतलं बोलणं थांबलं होतं, ते पुढच्या वळणानंतर सुरू झालं.

मला वाटलं, हेही फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखेच. पण तो अंगठा मी ओळखतो. या अंगठ्याला घाई नव्हती. तो गार पडला होता, आणि दाबून झाल्यावर लगेच उचललाही गेला नाही.

रोज तेच. पाचव्या दिवशी बाजार होता म्हणून बस भरलेली होती. एक नवखी बाई गाठोडं घेऊन उभी होती. शेवटची खिडकीजवळची जागा दाखवून तिनं विचारलं, "ही रिकामी आहे का?"

"नाही," पुढच्या सीटवरचे दोघं प्रवासी एकदम म्हणाले. मग दोघंही खिडकीबाहेर पाहू लागले.

प्रवाशांच्या कुजबुजीतून मला हळूहळू कळलं. काकांची बायको धरणाजवळच्या दवाखान्यात धुलाईखात्यात होती. रोज याच थांब्यावरून याच बसनं, त्याच जागेवर बसून घरी जायची. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी बस दुरुस्तीला गेली आणि फेरी रद्द झाली. ती थांब्यावर वाट बघत बसली. त्या दरीत फोन लागत नाही. सकाळच्या पहिल्या बसला ती बाकावर बसलेलीच होती. पिशवी मांडीवर, तोंड रस्त्याकडे, अंग थंडीनं लाकूड झालेलं.

चौदाव्या दिवशी ताई स्वतः बसमध्ये आली. सासूबाई डोळे दाखवायला गेल्या होत्या, म्हणून मुलगी कडेवर. मोजणी नीट होतेय ना, याची तिला रात्रंदिवस धास्ती. आणि आपण उगाच संशय घेतोय, याची त्याहून जास्त. धरणाच्या थांब्यावर दार उघडलं. कुणी चढलं नाही. टिक झालं. ताईनं मुलीला घट्ट धरलं.

शेवटच्या वस्तीवर सगळे उतरल्यावर ती काकांजवळ आली. "काका, त्या थांब्यावर कुणी चढलं नाही."

"चढते."

"मला दिसलं नाही."

"तुम्हाला कशी दिसेल? तुम्ही तिला कधी पाहिलीच नाही."

"काका, अर्जात 'कंडक्टरला दिसलेले' असा रकाना नाही हो." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "रोज दाबलंत?"

"चौदा दिवस. एकही खाडा नाही. खाडा एकदाच झाला होता."

ताईनं मला हातात घेतलं. पोटात एकशे त्र्याहत्तर होते. अट पुरी व्हायला एकशे अडुसष्ट लागत होते. चौदा वजा केले की एकशे एकोणसाठ. एका बाजूला बस चालू, दुसऱ्या बाजूला बंद, आणि मधे मी. तिचा तळवा घामानं भिजला होता.

"राहू द्या तसंच," मामा स्टीअरिंगवरून म्हणाले. "कोण येतंय तपासायला? बस वाचेल."

मुलगी ताईच्या खांद्यावर झोपली होती. मग ताई सीटच्या कडेला बसली आणि खाली बघत म्हणाली, "काका, फेरी रद्द झाल्याची ती सूचना मी टाइप केली होती. दोन दिवस आधी. थांब्यांवर लावायला द्यायची होती. त्या दिवशी हिला ताप आला. मी पळत घरी गेले. कागद माझ्या ट्रेमध्येच राहिला. चार दिवसांनी कामावर आले तेव्हा सापडला, तोवर... मी तो फाडून टाकला. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

इंजिन गार होतानाची टकटक तेवढी ऐकू येत होती. आता काका ओरडतील, असं मला वाटलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमचा तीन दिवस अबोला होता," ते म्हणाले. "कारणही आठवत नाही आता. फेरी रद्द आहे हे मला ठाऊक होतं. सकाळी चहाचा कप पुढे ठेवला तिनं. एक शब्द बोललो असतो तरी झालं असतं. म्हटलं, नोटीस लागेलच, वाचेल. मी डेपोत झोपलो. तिकडे ती दवाखान्यातच राहिली असेल, असं धरून चाललो. वर्षभर मला वाटतंय, तिनं नोटीस वाचली असेल आणि तरी माझ्यावरच्या रागानं तिथं बसली असेल. म्हणजे तिनं वाचलीच नव्हती."

"नव्हती लावलेली, काका."

"बरं झालं सांगितलंत," काका म्हणाले. पण ताईकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि परतीच्या फेरीत ते शेवटपर्यंत दारातच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला कीबोर्डशेजारी ठेवलं आणि अर्ज उघडला. एकूण प्रवासी: तिनं एकशे एकोणसाठ लिहिलं. मग सतरावा रकाना आला, 'सेवा न मिळालेले प्रवासी, असल्यास'. अशा रकान्यात सगळी कार्यालयं डोळे मिटून 'निरंक' लिहितात. तिनंही आठवड्यापूर्वीच लिहून ठेवलं होतं. आता तिनं ते पुसलं. त्या जागी लिहिलं: 'धरणाचा थांबा, प्रवासी एक.' खाली तारीख, आणि सूचना का लागली नाही ते सगळं, स्वतःच्या हुद्द्यासकट. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचलं असतं तर पाठवलं नसतं, हे तिला ठाऊक असावं, कारण तिनं डोळे मिटून बटण दाबलं.

साहेबांना कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो ताई, अनुदान मागायला पाठवलं होतं, गुन्हा कबूल करायला नव्हे!"

अडीच महिन्यांनी एकाच टपालानं दोन कागद आले. तोवर काकांनी आणि मामांनी साहेबांच्या मागे लागून बस कशीबशी चालू ठेवली होती. पहिला कागद: सरासरीची अट पूर्ण होत नाही, तथापि सतराव्या रकान्यातील माहिती पाहता सेवा एक वर्ष चालवण्यास मंजुरी, आणि रद्द फेरीची सूचना आदल्या दिवशी प्रत्येक थांब्यावर लावणे बंधनकारक. दुसरा कागद ताईच्या नावाचा, कारणे दाखवा. तिनं आधी पहिला वाचला, मग दुसरा, मग सासूबाईंना फोन लावला. "आई, झोपली का?" एवढंच विचारलं आणि रडली.

आता मी निवृत्त आहे. तिकिटाची नवी यंत्रं आली, ती आपोआप मोजतात. मी ताईच्या पिशवीत, बिस्किटांच्या चुऱ्यात आणि मुलीच्या एका मोज्यात पडून असतो. पोटात अजून एकशे त्र्याहत्तरच आहेत. चौदांना मी खोटं म्हणू शकत नाही, खरंही म्हणू शकत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या हाती कधी माझ्यासारखं यंत्र आलं, तर एवढंच करा: चढणारे मोजून झाले की बस हलवण्याआधी एकदा बाकाकडेही बघा.

ताई आठवड्यातून दोनदा दुपारच्या बसनं थांब्यांवर सूचना लावायला जाते. फेरी रद्द नसली तरी धरणाच्या थांब्यावर ती एक कागद चिकटवतेच: 'आजची संध्याकाळची बस येणार आहे.' आजूबाजूला कुणी नाही असं बघून तो हळू आवाजात वाचूनही दाखवते. मग परतीच्या बसची वाट बघत ती बाकावर बसते. बाक चांगलं लांब आहे, चार माणसं सहज मावतील. ती मात्र अगदी कडेला, अंग चोरून बसते, बाकीची जागा मोकळी सोडून.