भागोजीबुवाची दृष्ट

तुळसाला भागोजीबुवावर सूड उगवायचा होता, आणि तोही चारचौघांत. तिची सहा वर्षांची काशी दम्याने घुसमटायची. नवरा मुंबईत गिरणीत. पोरीला घेऊन ती रत्नागिरीच्या दवाखान्यात निघाली, तर हा बुवा वाटेत आडवा आला. "श्वास माज्या मुठीत हाय. पोरीचा नाक दाबून धर, आपसूक ताब्यात येल," म्हणाला. तुळसाने आठ दिवस स्वतःच्या हातांनी लेकीचं नाक दाबलं. नवव्या दिवशी काशी गेली. "तिचा नशीब," म्हणून मेल्याने खांदे उडवले.

पण लेकीच्या उशाशी बसून तुळसा एक गोष्ट पुरती शिकली होती. श्वास कुणाच्या बापाच्या मुठीत नसतो. माणूस तो घटकाभर कोंडून धरील. मग छाती त्याला विचारत बसत नाही, आपली हवा ओढून घेते.

दर पौर्णिमेला सकाळी बुवा देवळात 'प्राण चढवून' बसायचा. नाकापुढे धरलेला कापूस हलायचा नाही. दम संपत आला की चेला शंख फुंकी, सगळे माना खाली घालत आणि बुवा तेवढ्यात पोटभर हवा घेई. मागल्या खेपेला तुळसाने मान खाली घातली नव्हती.

या पौर्णिमेला ती निखाऱ्यांचं खापर घेऊनच पुढे आली.

"येवड्या थोर मानसाला दृष्ट लागंल. काढाया नको?"

नको कोण म्हणणार? बुवाला तर तोंडच उघडता येईना. तिने मीठ-मोहऱ्या आणि मूठभर सुक्या मिरच्या त्याच्यावरून उतरल्या आणि त्याच्या नाकाखालीच निखाऱ्यांवर टाकल्या. सगळं देऊळ खोकू लागलं. चेल्याने शंख तोंडाला लावला, पण ठसक्यापुढे फुंकर कुठून निघणार? बुवा तांबडालाल झाला, गळ्याच्या शिरा टरारल्या. शेवटी छातीने घसकन धूर आत ओढला आणि बुवा खोकत खोकत आडवाच झाला.

"प्रान उतारला रे!" गर्दीतला सदू ओरडला. डोळे पुसत पुसत लोक हसायला लागले. तुळसाला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

"पुरे कर गो बाय!" बुवा कसाबसा बोलला.

तुळसाने ओच्यातल्या उरलेल्या मिरच्याही निखाऱ्यांवर ओतल्या.

"माजी काशी पन ह्याच म्हनत होती," ती म्हणाली.